अंधारातली उमेदवारी

उमेदवारी हा शब्द आता निवडणुकीपुरता उरला आहे. कोणाला उमेदवारी मिळाली, कोणाची कापली गेली, कोणी शेवटच्या दिवशी अर्ज मागे घेतला, यापलीकडे तो कानावर पडत नाही. माझ्या लहानपणी यवतमाळात या शब्दाला निराळाच वास होता. शाईचा, रॉकेलचा, लाकडाच्या भुशाचा. अमक्याचं पोरगं छापखान्यात उमेदवारीला लागलं, तमक्याचं घड्याळजीकडे उमेदवारीला बसलं, असं लोक म्हणत. पहिलं वर्ष-दीड वर्ष झाडलोट करायची, चहा आणायचा आणि उस्तादाच्या हाताकडे बघत राहायचं. मग केव्हा तरी एखादा स्क्रू, एखादा खिळा हातात पडायचा. पगार नसे, बोलणी मात्र पोटभर मिळत. पुढे १९६१ साली सरकारने शिकाऊ उमेदवारांचा कायदा केला, विद्यावेतन आलं, प्रमाणपत्र आलं. पण माझ्या आठवणीतल्या त्या साऱ्या दुकानांत आणि कारखान्यांत मुलगी एकही नाही. कंपोझिटर, घड्याळजी, लोहार, सुतार, सगळीकडे पोरंच.

म्हणून मराठी मुलखात बाईमाणसाने यंत्राच्या कामाची उमेदवारी केली, ती कोणी आणि कुठे, असा विचार मनात आला की माझ्यापुढे एकच घर उभं राहतं. मुंबईत दादरला मथुरा भवन नावाचं घर होतं. १९१२ साली तिथे एक संसारी बाई दिवसभर रांधून झालं की रात्री दार लावून अंधारात बसत असे आणि सिनेमाच्या कोऱ्या फिल्मच्या दोन्ही कडांना भोकं पाडत असे. सरस्वतीबाई फाळके. आपण त्यांना ओळखतो ते दादासाहेब फाळक्यांच्या पत्नी म्हणून. नवऱ्याच्या वेडापायी ज्यांनी अंगावरचे दागिने काढून दिले, त्या साध्वी म्हणून. ही ओळख खोटी नाही, पण फार अपुरी आहे, आणि तिच्यात थोडा अन्यायही आहे असं मला वाटतं.

सरस्वतीबाईंचं माहेर करंदीकरांचं. किर्लोस्कर नाटक मंडळीच्या मालकांशी या घराचं नातं होतं, तेव्हा रंगभूमी परकी नव्हती. १९०२ साली लग्न झालं. सरस्वती हे नाव सासरचं. नवरा वयाने बराच मोठा आणि बिजवर. धुंडिराज गोविंद फाळके यांची पहिली पत्नी आणि मूल प्लेगने गेलेलं होतं. मुंबईचं जे. जे. कलाविद्यालय आणि बडोद्याचं कलाभवन इथे शिकलेला हा माणूस चित्रं काढी, फोटो काढी, साचे करी, जादूचे प्रयोगही करी. जादूगार म्हणून त्याने फाळके हे आडनाव उलटं करून प्रोफेसर केळफा असं नाव घेतलं होतं. अशा माणसाशी संसार म्हणजे काय, याचा अंदाज यावा. पुराणवस्तू खात्यातली सरकारी नोकरी मिळाली, तीही वंगभंगाच्या दिवसांत सुटली. मग लोणावळ्याला छापखाना, तिथून तो दादरला. १९०९ मध्ये फाळके तिरंगी छपाई समजून घ्यायला आणि यंत्रसामग्री पाहायला जर्मनीला जाऊन आले. धंदा जोरात आला आणि भागीदारांशी बिनसलं. फाळके रिकाम्या हाताने बाहेर पडले. दर दोन-तीन वर्षांनी नवा धंदा, नवं बिऱ्हाड, आणि त्यात वाढणारी मुलं. सरस्वतीबाईंची पहिली दहा वर्षं अशी गेली.

१९१०-११ च्या सुमाराला गिरगावात अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेस या थिएटरात फाळक्यांनी ख्रिस्ताच्या चरित्रावरची फिल्म पाहिली. येशूच्या जागी राम-कृष्ण दिसू लागले, ही हकिगत प्रसिद्धच आहे. मला त्यानंतरची गोष्ट जास्त मोलाची वाटते. त्यांनी बायकोला तो खेळ दाखवायला नेलं, आणि पडद्यावरची चित्रं हलतात कशी हे कळावं म्हणून यंत्रही दाखवलं. नवऱ्याने बायकोला नाटक-सिनेमाला नेण्यात त्या काळीही फार नवल नव्हतं, पण पडद्यामागचं यंत्र दाखवायला न्यायचं, हे नवल होतं. माझ्या लेखी सरस्वतीबाईंच्या उमेदवारीचा पहिला दिवस तो.

पुढे फाळक्यांनी रात्रंदिवस फिल्मा पाहून डोळे घालवायची वेळ आणली. डॉक्टर प्रभाकर यांच्या उपचाराने दृष्टी वाचली. मग १२,००० रुपयांची विम्याची पॉलिसी गहाण टाकून १०,००० रुपये उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी फाळके बोटीने विलायतेला निघाले. मी आयुष्यभर बँकेत कर्जाचे कागद तपासले. असा अर्जदार माझ्या टेबलासमोर आला असता, तर नोकरी नाही, धंदा सुटलेला, डोळे अधू, आणि काढायचंय काय तर हलणारी चित्रं, एवढं वाचून कागद बाजूला ठेवावेसे वाटले असते. असो. लंडनला बायोस्कोप साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांची ओळख झाली, हेपवर्थ यांनी आपला स्टुडिओ दाखवला, आणि विल्यमसनचा कॅमेरा, भोकं पाडण्याचं यंत्र आणि कोडॅकच्या कोऱ्या फिल्मची मागणी नोंदवून फाळके १ एप्रिलला परतले. मे महिन्यात पेट्या दादरला येऊन पडल्या.

या भोकांविषयी जरा थांबून सांगायला हवं, कारण सारी गोष्ट त्यांच्यावरच उभी आहे. त्या वेळी कोरी फिल्म भोकांशिवाय येई. सिनेमाची पट्टी ३५ मिलिमीटर रुंद. कॅमेऱ्यातला आकडा तिच्या कडेच्या भोकांत अडकतो, पट्टी एक चित्र खाली ओढतो, क्षणभर थांबवतो आणि पुन्हा ओढतो. एका चित्राला प्रत्येक कडेला ४ भोकं. एका फुटात १६ चित्रं. म्हणजे फुटामागे एका कडेला ६४, दोन्ही कडांना मिळून १२८ भोकं झाली. 'राजा हरिश्चंद्र' तयार झाला तेव्हा ३,७०० फूट लांबीचा होता. आकडेमोडीची सवय जात नाही म्हणून मी हिशोब करून पाहिला. ४,७३,६०० भोकं. हा हिशोब फक्त शेवटी शिल्लक राहिलेल्या लांबीचा. वाया गेलेली फिल्म, पुन्हा घेतलेली दृश्यं आणि निगेटिव्हवरून छापायच्या प्रती यात धरलेल्या नाहीत.

भोक नुसतं पडून भागत नाही. दोन भोकांतलं अंतर केसाएवढंही इकडे-तिकडे झालं तर पडद्यावर चित्र थरथरतं, आणि जास्त झालं तर कॅमेऱ्यात पट्टी फाटते. शिवाय फिल्मला उजेड लागता कामा नये. अंधारात किंवा मिणमिणत्या लाल दिव्याशी बसून पट्टीची लेपाची बाजू कोणती आणि कोरी बाजू कोणती, हे बोटांनी ओळखायचं. घामेजलेलं बोट लेपावर टेकलं की ठसा उठतो. मे-जूनच्या मुंबईत बंद खोलीत बसून घाम येऊ न देणं म्हणजे काय हे मुंबईकरांनाच विचारावं. आमच्याकडे यवतमाळात उन्हाळा भाजून काढतो, पण घाम वाळतो तरी. सरस्वतीबाई हे शिकल्या. नुसत्या भोकं पाडायलाच नव्हे, तर फिल्म धुवायला आणि रसायनं कालवायलाही शिकल्या.

धुण्याचं काम त्याहून नाजूक. लाकडी चौकटीवर फिल्म गुंडाळायची, ती चौकट रसायनाच्या टाकीत बुडवायची, चित्र उमटू लागलं की लाल उजेडात पाहून नेमक्या वेळी बाहेर काढायची, धुवायची, मग चित्र पक्कं करणाऱ्या हायपोत घालायची आणि पुन्हा भरपूर पाण्यात धुवायची. पाणी कोमट असलं तर लेप फुगून सुटतो, गार असलं तर चित्र उमटायला वेळ लागतो. किती वेळ ठेवायची याचं कोष्टक विलायतच्या हवेचं. दादरच्या हवेत ते अनुभवानेच ठरवावं लागे. पोळी फुगली की उलटायची ती घड्याळ पाहून नव्हे. ज्या बाईला तव्यावरच्या पोळीची वेळ कळते तिला टाकीतल्या फिल्मची वेळ लवकर कळली असणार, अशी माझी समजूत आहे. पण ही उपमा मी जरा भीतभीतच देतो. स्वयंपाकाशी जोडलं की लगेच ते काम सोपं वाटायला लागतं, आणि नेमकं हेच सरस्वतीबाईंच्या बाबतीत झालं.

त्यात आणखी एक गोष्ट होती. त्या काळची फिल्म नायट्रेटची, म्हणजे ठिणगी पडायचा अवकाश की भडकणारी. आणि त्याच घरात चुलीवर कंपनीचा स्वयंपाक. नट, कारागीर, मदतनीस असं साठ-सत्तर माणसांचं जेवण सरस्वतीबाई करीत. चूल आणि फिल्म एका छपराखाली नांदवणारी बाई किती सावध असेल, याची कल्पना करावी.

आधी फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरून अंकुराची वाढ टिपली. 'अंकुराची वाढ' ही मिनिटभराची फिल्म दाखवून त्यांनी यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांच्याकडून पैसे मिळवले. त्या भांडवलात सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले. मग पावसाळा सरल्यावर 'राजा हरिश्चंद्र'. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र झाले, थोरला मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. तारामतीसाठी जाहिराती दिल्या, पण काम करण्याजोगी बाई मिळेना. तुम्हीच तारामती व्हा, असं फाळक्यांनी सरस्वतीबाईंना सुचवलं आणि त्यांनी नकार दिला, असं सांगतात. कारण लाजेचं नव्हतं, कामाचं होतं. त्या तोंडाला रंग लावून कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या असत्या तर कॅमेऱ्यामागचं सगळं पाहणार कोण? शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहातला आचारी अण्णा साळुंके तारामती झाला. तिथे त्याला महिना १० रुपये मिळत, फाळक्यांनी १५ दिले. पुढे दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई गोखले 'मोहिनी भस्मासुर' मध्ये उतरल्या आणि पडद्यावरच्या पहिल्या स्त्रिया म्हणून योग्य तो मान त्यांना मिळाला. पडद्यामागच्या पहिल्या बाईने पडदा स्वतः नाकारला होता, हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

चित्रण सारं उन्हात. ऊन वरून पडलं की नटाच्या डोळ्यांखाली आणि नाकाखाली काळ्या सावल्या पडतात. त्या घालवायला समोरून पांढरी चादर धरायची, म्हणजे उन्हाची तिरीप उलटून चेहऱ्यावर येते. सरस्वतीबाई तासन्‌तास अशी चादर धरून उभ्या राहत. आज या कामाला स्वतंत्र माणूस असतो, त्याचं नाव श्रेयनामावलीत येतं. चादर धरणं म्हणजे खुंटीसारखं उभं राहणं नव्हे. सूर्य सरकतो तशी चादर सरकवावी लागते, वाऱ्याने फडफडली तर चेहऱ्यावर उजेड नाचतो. सिनेमात काम करतो म्हटलं की लोक नाकं मुरडत, म्हणून फाळक्यांनी आपल्या माणसांना सांगून ठेवलं होतं की विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत आहोत असं सांगा. गंमतीत सांगितलेलं ते खरंच होतं. ती फॅक्टरीच होती, आणि सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत तिच्या प्रत्येक खात्यात हात असलेली कामगार ही एकच बाई होती.

सहा महिने सत्तावीस दिवसांत चित्रपट पुरा झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरात निवडक लोकांना दाखवला गेला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला.

आता माझा मुद्दा. फाळक्यांनी त्या घरात दोन माणसं तयार केली. एक त्र्यंबक तेलंग, त्र्यंबकेश्वरचे त्यांचे लहानपणचे मित्र. त्यांना कॅमेरा चालवायला शिकवलं. दुसऱ्या सरस्वतीबाई. दोघांचा उस्ताद एक, यंत्रं एकाच पेटीतून आलेली, चित्रपटही एकच. सिनेमाच्या इतिहासात तेलंगांच्या नावापुढे छायाचित्रकार असं येतं. सरस्वतीबाईंच्या नावापुढे पत्नी येतं, आणि पुढच्या वाक्यात मदत हा शब्द येतो. भोकं पाडायला मदत, धुलाईला मदत. तेलंगांनी फाळक्यांना कॅमेऱ्यात मदत केली असं कोणी लिहीत नाही. लिहूही नये.

त्याच काळात युरोपात काय चाललं होतं? पॅरिसला ॲलिस गी नावाची मुलगी गोमाँ कंपनीत चिटणीस म्हणून लागली, तिथेच पाहून पाहून शिकली आणि १८९६ पासून स्वतः फिल्मा काढू लागली. पाथे कंपनीच्या कारखान्यात बायकांच्या रांगाच्या रांगा बसून फिल्मवर साच्यांतून रंग भरत. ते काम नजरेचं आणि बोटांचं होतं, अगदी सरस्वतीबाईंच्या कामासारखं. फरक असा की त्या बायकांची नावं मजुरीच्या वहीत होती. कमीच मिळत असेल, पण वहीत होती. जिथे मजुरी लिहिली जाते तिथे काम झाल्याचा पुरावा राहतो. घरातल्या कामाला वहीच नाही.

मी दिग्रसकडे नोकरीला असतानाची एक आठवण इथे सांगण्यासारखी आहे. विहिरीवरच्या मोटारी जळाल्या की रिवायंडिंगला आणत, असं एक लहानसं दुकान होतं. पुढे नवरा बसे, गिऱ्हाइकाशी बोले, मोटार खोले. आत बायको तांब्याच्या तारेची वेटोळी भरत बसे. एका खाचेत किती फेरे, तार किती जाडीची, हे सगळं तिला तोंडपाठ. एक फेरा चुकला तर मोटार पुन्हा जळणार. ती माहेरी यातलं काही शिकलेली नव्हती. लग्नानंतर नवऱ्याच्या शेजारी बसून शिकली, आणि पुढे पुढे नवऱ्याहून तिचा हात साफ झाला हे गावालाही माहीत होतं. कर्जाचा अर्ज आला त्यात नवऱ्याचा व्यवसाय लिहिलेला होता मोटार दुरुस्ती, आणि बायकोच्या नावापुढे होतं घरकाम. ज्या कौशल्यावर ते कर्ज फिटणार होतं ते कागदावर कुठेच नव्हतं. तारण म्हणून मात्र तिची बोरमाळ लिहिलेली होती.

म्हणूनच फाळक्यांच्या चरित्रातल्या दागिन्यांशी मी अडखळतो. दागिन्यांची नोंद होते, कारण त्यांना वजन असतं, भाव असतो, सावकार पावती देतो. चार लाख भोकांची पावती कोणी देत नाही. बाईने सोनं दिलं की आपले डोळे पाणावतात. बाईने यंत्र शिकून घेतलं हे आपण ओघात वाचून पुढे जातो. सोनं तर त्या काळी पुष्कळ बायकांनी नवऱ्यांच्या धंद्यासाठी दिलं. अंधारात बसून बोटांच्या जाणिवेवर फिल्म तयार करणारी बाई तेव्हा या देशात दुसरी कोण होती?

१९१३ च्या ऑक्टोबरात फाळक्यांनी बिऱ्हाड आणि कारखाना दोन्ही नाशिकला नेलं. 'मोहिनी भस्मासुर', 'सत्यवान सावित्री' निघाले. १९१४ साली फाळके हे चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तिथून मागणी घेऊन आले आणि महायुद्ध पेटलं. पैसे लावणाऱ्यांनी हात आखडले. त्या ओढगस्तीतून १९१७ साली 'लंका दहन' ने वर काढलं. अण्णा साळुंके त्यात रामही झाले आणि सीताही. खेळाचे पैसे बैलगाडीत घालून पोलीस बंदोबस्तात न्यावे लागले, असं सांगतात. मग वामनराव आपटे आदी भागीदार आले आणि १९१८ मध्ये हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली. आता पगारी माणसं होती, खाती होती, हिशोबनीस होते. घरात सुरू झालेला धंदा कंपनी होतो तेव्हा घरातल्या बाईचं त्यातलं स्थान आपोआप बदलतं. तिला कोणी काढून टाकत नाही, कारण तिला कोणी नेमलेलंच नसतं. मुलगी मंदाकिनी मात्र 'कालिया मर्दन' मध्ये १९१९ साली कृष्ण झाली आणि घराघरांत पोचली.

भागीदारांशी पुन्हा बिनसलं. फाळके कुटुंब घेऊन काशीला गेले, तिथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिलं. १९२२ मध्ये कंपनीत परतले. दहा वर्षांनी 'सेतुबंधन' तयार होईपर्यंत बोलपट आला होता. मुकाट चित्रपटाला मागाहून आवाज चिकटवावा लागला. कोल्हापूर सिनेटोनसाठी काढलेला १९३७ चा 'गंगावतरण' शेवटचा. ओढगस्त पुन्हा घरी आली ती मुक्कामालाच. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला दादासाहेब गेले, तेव्हा बेचाळीस वर्षांचा संसार झाला होता. १९६९ साली त्यांच्या नावाने सरकारने सर्वोच्च सन्मान सुरू केला. सरस्वतीबाईंचं काम सर्वसामान्य प्रेक्षकाला खऱ्या अर्थाने दिसलं ते परेश मोकाशी यांच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' त, विभावरी देशपांडे यांच्या रूपाने.

'राजा हरिश्चंद्र' च्या चार रिळांपैकी आज पहिलं आणि शेवटचं एवढीच उरली आहेत. तीही १९१७ साली पुन्हा काढलेल्या चित्रपटाची असावीत, असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. त्यातलं हौदावरचं दृश्य लोकांना फार आवडतं. ओल्या लुगड्यांतल्या दासी सगळ्या पुरुष, आणि पाहणारे हसून लोटपोट होतात. मी तो भाग पाहतो तेव्हा माझी नजर हौदाच्या काठावर असते. काठाची रेघ पडद्यावर थरथरते की स्थिर राहते, एवढंच बघत बसतो. त्या प्रतीवरची भोकं सरस्वतीबाईंच्या हातची नव्हेत, ती पुढे कुठल्या तरी कारखान्यात यंत्रावर पडलेली आहेत, हे ठाऊक असूनही.